खाट कोणाकडं आहे?

"खाट कोणाकडं आहे गं आता?" फ्लोरीनं मला विचारलं तो मंगळवार होता. दुपारचे चार वाजले असतील. शाळा सुटल्यावर मी तशीच, हाताला खडू लागलेला, तिच्याकडं गेले होते. पुढच्या खोलीत आपल्या जुन्या सुंभाच्या बाजेवर ती तीन उशांना टेकून बसली होती. बसली होती म्हणजे आडवं होता येत नव्हतं म्हणून बसली होती. पोटात पाणी झालं होतं, आडवं झालं की ते छातीवर चढायचं आणि जीव घाबरा व्हायचा. बाज मध्ये खोलगट झालेली, उशा सारख्या घसरायच्या, त्यांच्याबरोबर तीही खाली सरकायची. मग तिचा भाचा विल्सन किंवा मी काखेत हात घालून तिला वर ओढायचो. त्या वेळी तिच्या तोंडून जो आवाज निघायचा तो मी इथं लिहिणार नाही. तर अशी ओढून बसवल्यावर, घाम पुसून झाल्यावर, दम खाऊन तिनं विचारलं, खाट कोणाकडं आहे? मी म्हणाले, "असेल भुईगावात कुणाकडं तरी. तुला काय करायचंय खाटेशी? कावीळ उतरली की दोघी मिळून आणू परत." तिनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं... मग "बरं" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

खाट भुईगावात नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीच ती परत आली होती आणि माझ्या घराच्या मागच्या पडवीत भिंतीला उभी करून, वर गोणपाटं टाकून मी ती झाकून ठेवली होती. फ्लोरीच्या आणि माझ्या घरामध्ये एक बावखल आहे. पावसाचं पाणी साठवायची अशी तळी आमच्याकडं वाडीवाडीत असतात. त्याच्या काठानं चाललं तर दोनशे पावलं. उशाकडून उंच करता येणारी, फ्लोरीला बसल्या बसल्या झोप लागू शकली असती अशी लोखंडी खाट दोनशे पावलांवर होती, आणि मी ती भुईगावात नेऊन ठेवली.

गुरुवारी तिसऱ्या तासाला मी सातवीच्या वर्गात फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढत होते. चर्चची घंटा वाजायला लागली. ती प्रार्थनेची नव्हती. एक टोला, मग लांब अंतर, मग दुसरा टोला... आमच्या गावात शेंबड्या पोरालाही या घंटेचा अर्थ कळतो. वर्गातल्या ख्रिस्ती मुलांनी क्रूसाची खूण केली, बाकीची गप्प बसली. मी मागं वळले नाही. सह्याद्री काढायचा राहिला होता तो काढला, पूर्ण काढला, नद्याही काढल्या. मग खडू ठेवला आणि शेजारच्या बाईंना वर्ग सांभाळायला सांगून निघाले.

फ्लोरीला जाऊन आता सहा आठवडे झाले. तिच्यावर लिहा असं या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं तेव्हा त्यांना एका सेवाभावी नर्सबाईंची आठवण हवी असणार. ती आहेच. पण ती लिहायची तर आधी वरचं लिहिणं भाग होतं, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरलं असतं. आणि खोटं बोलून माझं तोंड आधीच पुरेसं विटलेलं आहे.

फ्लोरी आणि मी गावातल्या चर्चच्या शाळेत एका बाकावर होतो. ती बुटकी, काळीसावळी, फटकळ. शुद्धलेखनात माझी पाटी बघायची आणि वर माझीच चूक काढायची. पुढं मी शिक्षिका झाले आणि ती नर्स झाली. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात तिनं वीस वर्षं काढली. नवरा लग्नानंतर चारच वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं. पुढं आई अंथरुणाला खिळली म्हणून नोकरी सोडून ती गावी आली आणि आई गेल्यावरही इथंच राहिली. येताना दोन वस्तू घेऊन आली. एक कातडी बॅग आणि दुसरी ही खाट. इस्पितळानं जुन्या खाटा भंगारात काढल्या त्यातली ही एक. पांढरा रंग पोपडे धरून उडालेला, पायांना गंज. उशाकडचा भाग वर करायला बाजूला एक दात्यांची पट्टी होती. दांडा एकेका दात्यात अडकवत न्यायचा, कड्, कड् असा आवाज यायचा. चार दाते होते. चौथ्यावर माणूस जवळजवळ बसता व्हायचा.

"ही दारापाशीची आहे," असं ती म्हणायची. दारापाशीची म्हणजे काय, ते तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्यांच्या वॉर्डात कुणाचं काही खरं नाही असं दिसलं की त्याला दाराजवळच्या खाटेवर हलवत आणि भोवती हिरवा पडदा लावत. म्हणायला बाकीच्या रोग्यांनी घाबरू नये म्हणून. "आणि खरं सांगू का सुमे, आम्हाला बघावं लागू नये म्हणून. पडदा लावला की मोठे डॉक्टर राउंडला येताना त्या खाटेवरून पुढं जायचे. ताप बघायचा नाही, विचारायचं नाही. आतला माणूस जिवंत असायचा गं. एकेकदा दोन-दोन दिवस असायचा. त्याला पडद्याचा अर्थ ठाऊक असायचा, कारण आदल्या आठवड्यात त्यानंच दुसऱ्याचा पडदा बघितलेला असायचा. एकानं माझा हात धरला आणि विचारलं, सिस्टर, माझा लावला का? मी म्हणाले, छे छे, वारा येतोय म्हणून लावलाय." हे सांगताना ती रडली नाही. चहात चौथा चमचा साखर घालून तो ढवळत बसली.

गावात आल्यावर तिनं ती खाट लोकांना द्यायला सुरुवात केली. कुणाच्या घरी माणूस असा अंथरुणाला लागला की बरा होणार नाही, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय, तर फ्लोरीची खाट जायची, आणि खाटेपाठोपाठ रोज फ्लोरी. पाठीच्या जखमा धुवायला, तोंड साफ करायला, कूस बदलायला शिकवायला. यात धर्म-जात काही नव्हतं. पण एक नियम होता, आणि त्यावरून तिची सगळ्यांशी भांडणं व्हायची. ज्याच्यासाठी खाट, त्याला ती स्वतः विचारायची. घरच्यांना बाजूला करून, त्याच्याजवळ बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, "खाट आणू का?" एवढंच. तो हो म्हणाला तर खाट यायची. नको म्हणाला तर नाही. एकदोन वर्षांतच साऱ्या पंचक्रोशीत ती खाट कशाची ते सगळ्यांना कळलेलं, त्यामुळं त्या तीन शब्दांत जे काय सांगायचं ते सांगून व्हायचं. न सांगता सांगायची ती तिची रीत होती. लोक तिला मागं 'खाटवाली' म्हणायचे. पास्कूच्या बैलगाडीत खाट चाललेली दिसली की म्हातारीकोतारी दार लोटून घ्यायची.

मीही तिला तेव्हा मनात नावंच ठेवायची. काय मेलं ते भलतं विचारणं, मरणाऱ्याला सुखानं मरू द्यावं... असं म्हणणाऱ्यांतली मी एक होते. माझे वडील आजारी पडेपर्यंत.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही वाडीवाले, केळी आणि पानवेली आमच्या. बापूंना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. उच्चारायचाच झाला तर 'ते' म्हणायचे. बापूंना आम्ही 'घशाला सूज आहे' असं सांगितलं होतं. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक आणि बिनलग्नाची, त्यामुळं घरात शब्द चालायचा तो थोरल्या काकांचा. काका म्हणाले, त्याला कळलं तर तो आठ दिवसही काढायचा नाही. मला पटलं. तीन महिने मी बापूंच्या तोंडावर हसत राहिले. रोज विचारायची, आज कसं वाटतंय? रोज ते सांगायचे, कालच्यापेक्षा बरं आहे. पाण्याचा घोट खाली उतरत नव्हता आणि कालच्यापेक्षा बरं होतं!

आमच्यात माणूस जायला आला की त्याला खाली घेतात. जमीन सारवायची, दर्भ टाकायचे, वर घोंगडी, आणि अंथरुणावरून उचलून माणसाला जमिनीवर ठेवायचं. प्राण खाटेवर जाऊ नये, धरतीवर जावा. तोंडात तुळशीचं पान, गंगा. एका रविवारी सकाळी आमचे डॉक्टर नाडी बघून बाहेर आले आणि म्हणाले, आता काही तासांचं काम आहे. काकांनी माझ्याकडं पाहिलं. "तू लेक आहेस, तुझ्या तोंडून यायला हवं." मी म्हणाले, घ्या. ते एक अक्षर मीच उच्चारलं, दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. चौघांनी बापूंना उचललं आणि खाली ठेवलं. शेणाचं सारवण अजून ओलं होतं. गार जमिनीला पाठ टेकली तसे त्यांनी डोळे उघडले. वरची वाकलेली तोंडं एकेक करून पाहिली, शेवटी नजर माझ्यावर आली. म्हणाले, "आत्ताच?"

आणि बापू गेले नाहीत. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, बापू शुद्धीवर, डोळे उघडे, जमिनीवर. पौषातली थंडी. हाडांचा सापळा झालेला माणूस, खाली एक घोंगडी. मी म्हणाले, परत वर घेऊ या. काका म्हणाले, खाली घेतलेला माणूस वर घेत नाहीत, घराला ते बरं नव्हे. सगळे काकांच्या बाजूचे. वाईट कुणीच नव्हतं हो... काका स्वतः भावाच्या पायाशी बसून होते, दोन दिवस त्यांनीही अन्न घेतलं नाही. पण आम्ही सगळे बापूंच्या मरणाची वाट बघत होतो आणि बापूंना ते दिसत होतं. चुकून न मेल्याची लाज मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिली. मुलीनं बापाच्या चेहऱ्यावर जे कधी बघू नये ते मी पाहिलं. मंगळवारी मी काठाकाठानं पळत फ्लोरीकडं गेले.

ती आली आणि कुणाशी न बोलता थेट बापूंच्या शेजारी जमिनीवर बसली. त्यांच्या पाठीखाली हात घालून पाहिला, हात बाहेर काढला आणि आमच्याकडं असं बघितलं की काकांसारखा माणूस दारात सरकला. मग खाली वाकून म्हणाली, "बापू, मी फ्लोरी. खाट आणू का?"

बापूंचा आवाज उरला नव्हता, नुसता वारा यायचा. पण तो सगळ्यांना ऐकू गेला. "आण," ते म्हणाले. "अन् यांना सांग, मी अजून हाय."

काकांनी विरोध केला. फ्लोरी म्हणाली, "तुमचा धर्म मी मोडत नाही, काका. त्यांची वेळ आली की मी स्वतः तुम्हाला सांगीन, तेव्हा खाली घ्या. पण वेळ त्यांची, तुमची नाही." अर्ध्या तासात पास्कूची गाडी आली. चौथ्या दात्यावर उशाकडचा भाग चढवला, बापूंना खिडकीकडं तोंड करून बसवलं. केळीची बाग दिसत होती. त्यांनी किती दिवसांनी बाहेर पाहिलं असेल...

त्या खाटेवर ते पाच दिवस जगले. त्या पाच दिवसांतलं एक बोलणं माझ्याजवळ आहे, बाकी सगळं वेदनेनं खाऊन टाकलं. त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी हो म्हणाले. "कधीपासून?" पहिल्यापासून, मी म्हणाले. ते हसल्यासारखे झाले. "मलाही. तुला वाईट वाटू नये म्हणून रोज बरं हाय म्हणायचो. तीन महिने फुकट घालवले गं आपण." बस्स, एवढंच. मग खोकला आला.

वेदना मात्र फ्लोरीच्या हातात नव्हती. गोळ्या गिळता येत नव्हत्या. ज्या औषधानं ती थांबते ते मुंबईच्या मोठ्या इस्पितळांतच मिळायचं, तेही कागदांवर कागद झाल्यावर. आमच्याकडच्या डॉक्टरांनी कुठून तरी त्यातल्या त्यात चालेलशी सहा इंजेक्शनं मिळवून दिली. फ्लोरी ती मोजूनमापून द्यायची. चार तास बरे जायचे, मग पुन्हा सुरू. चौथ्या दिवशी मी तिला पडवीत गाठलं आणि म्हणाले, उरलेली सगळी एकदम दे. मी पाया पडते तुझ्या, दे आणि सोडव त्यांना. ती रागावली नाही. म्हणाली, "ते माझं काम नाही, सुमे. तुझंही नाही. जा, त्यांचे ओठ कोरडे पडलेत, ओले कर." मी गेले, बोळ्यानं ओठ ओले केले. पुष्कळ वर्षांनी एकदा ती आपणहून म्हणाली, "त्या दिवशी मलाही वाटलं होतं द्यावीत. बॅगेला कुलूप लावून किल्ली पदराला बांधून बसले होते, माझा माझ्यावर भरवसा नव्हता म्हणून." बरोबर काय आणि चूक काय, ते मला आजही ठरवता येत नाही. तिलाही येत नव्हतं. बापूंना पाचव्या दिवशी दुपारी, तिनं काकांना हाक मारल्यावर, खाली घेतलं. दहा मिनिटांत ते गेले.

त्यानंतर शाळा सुटल्यावर आणि रविवारी मी तिच्याबरोबर जायला लागले. मला रक्त बघवत नव्हतं, पहिल्या घरी मी दारातच बसकण मारली. फ्लोरी म्हणाली, "गुरुजी बेशुद्ध, रोगी शुद्धीवर, वाहवा!" हळूहळू शिकले. पाठीची जखम कशी धुवायची, भाताची पेज बोळ्यानं कशी पाजायची, गप्प कसं बसायचं. शिक्षिकेला शेवटचं जास्त जड गेलं. घरोघरी तोच प्रकार बघितला. आमच्यात माणसाला घाईनं खाली घेत, तर त्यांच्यात फादरना उशिरा बोलावत. फादर शेवटचं तेल लावायला आले की रोगी समजेल, घाबरेल, म्हणून लोक तो बेशुद्ध पडायची वाट बघत. फ्लोरी चिडायची. "आयुष्यभर गुडघे टेकले त्यानं, आणि आता हक्काच्या वेळी त्याला झोपेत उरकताय!" एकदा आगाशीच्या एका निवृत्त मास्तरांना तिनं विचारलं, मास्तर, खाट आणू का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "खाट नको. पत्ते आण." दुसऱ्या दिवशी आम्ही पत्त्यांचा जोड घेऊन गेलो. नऊ दिवस आम्ही तिघं रमी खेळलो. मास्तर लबाडी करायचे आणि फ्लोरी त्यांच्याहून जास्त करायची. दहाव्या दिवशी आरामखुर्चीतच ते गेले. खाट गेलीच नाही त्यांच्याकडं. ती म्हणाली, "बघ, विचारायचं ते एवढ्यासाठी."

त्याच दिवशी परतताना बावखलाच्या काठावर ती थांबली. "माझ्या वेळी मला तू विचारायचंस. विल्सन नाही, फादर नाही. तू." मी म्हणाले, काहीतरीच. तुला कोण विचारणार, तूच मागवशील की! ती म्हणाली, "नाही गं. सगळ्या जन्मात दुसऱ्यांना विचारलं. मला कुणी विचारायला नको? स्वतःची खाट स्वतः मागवायची मला लाज वाटेल. शपथ घे." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. दोघी हसलो. ही शपथ मी शुद्धीवर घेतली होती, दिवसाउजेडी.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिचे डोळे पिवळे झाले. विल्सन तिला मुंबईला घेऊन गेला, तिथं तपासण्या झाल्या. परत आल्यावर त्यानं मला अंगणातच गाठलं. सरळ मनाचा आहे तो, मावशीवर त्याचा फार जीव. "टीचर, पोटात आहे. पसरलंय. दोन-तीन महिने म्हणतात. मावशीला कावीळ म्हणून सांगितलंय. तुम्ही पन काय बोलू नका हां, प्लीज. ती हाय खाईल." मी त्याला सांगायला हवं होतं, बाबा, तुझ्या मावशीनं वीस वर्षं असे रोगी बघितलेत, पिवळ्या डोळ्यांचं तिला तू सांगणार? मी म्हणाले, बरं. कळतं पण वळत नाही म्हणतात, त्यातली गत. वर्गात चाळीस पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवणारी मी, लोका सांगे ब्रह्मज्ञान. आणि मनात म्हटलं, आज नको, जरा तब्येत सुधारली की विचारू. मरणाऱ्याची तब्येत सुधारायची वाट बघत होते मी.

ती रोज उसाचा रस प्यायची. मी भुईआवळ्याचा पाला आणून द्यायची, तो वाटून घ्यायची. दुखतंय का विचारलं तर म्हणायची, कालच्यापेक्षा बरं आहे. हे वाक्य मी या आधी ऐकलं होतं. माझ्या बापानं तीन महिने मला तेच सांगितलं होतं, आणि पुढं ते तीन महिने फुकट गेले म्हणून सांगितलं होतं. तरी मला त्या वाक्याची ओळख पटली नाही, की पटली आणि मी तोंड फिरवलं, कोण जाणे. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जगाला दिसत नाही. माझं जग म्हणजे ती एकटी, आणि तिला सगळं दिसत होतं. आठवड्यातून एकदा तरी ती बोलता बोलता थांबायची आणि माझ्याकडं बघत राहायची. मी लगेच शाळेतलं काहीतरी सांगायला लागायची.

मग एक दिवस पास्कू खाट घेऊन आला. ती ज्यांच्यासाठी गेली होती ते भुईगावचे आजोबा वारले होते. एरवी खाट फ्लोरीच्या अंगणात जायची, तिथं ती पायांना फिनेल लावून उन्हात ठेवायची. मी पास्कूला रस्त्यातच अडवलं आणि माझ्याकडं उतरवून घेतली. दारात दिसली तर तिला काय वाटेल, असं मी त्याला म्हणाले. दोर गुंडाळताना पास्कू माझ्याकडं बघायचं टाळत होता. त्या दिवसापासून तिच्या पोटात पाणी वाढत गेलं आणि ती बाजेवरून घसरत राहिली. मी रोज तिला वर ओढायची आणि रोज घरी येऊन पडवीत त्या गोणपाटांसमोर उभी राहायची. सकाळी ठरवायची, आज विचारते. संध्याकाळी परत यायची. वीस-बावीस दिवस. भीती कशाची होती? ती 'आण' म्हणेल, एवढीच. ती 'आण' म्हणाली असती तर ती मरणार हे माझ्यासाठी खरं झालं असतं. तिच्यासाठी नव्हे हो, तिचं तर कधीच झालं होतं. माझ्यासाठी. तिच्या पाठीवर दोन ठिकाणी कातडी गेली ती माझी सोय राहावी म्हणून.

आणि शेवटी तिनंच दार किलकिलं केलं. मानानं, लाज राखून, तिला जमेल तसं. खाट कोणाकडं आहे गं आता? यापेक्षा सोपा प्रश्न तिनं आयुष्यात कुणाला विचारला नसेल. मला फक्त 'माझ्याकडं' म्हणायचं होतं. मी भुईगाव म्हणाले.

बुधवारी सकाळी ती बेशुद्ध झाली. दुपारी फादर येऊन तेल लावून गेले. फ्लोरीच्या कपाळावर तिच्या नकळत तेल लागलं, आणि ते लावताना भोवती उभे राहिलेल्यांत मी होते. गुरुवारी तिसऱ्या तासाला घंटा झाली. मातीच्या दिवशी चर्च भरून गेलं होतं. फादर प्रवचनात म्हणाले, आपल्या भगिनीला परमेश्वरानं तिच्या आजाराची जाणीवही होऊ दिली नाही, केवढी ही कृपा. लोकांनी डोळे पुसले. मला उठून ओरडावंसं वाटलं. बायकांच्या रांगेत पदर तोंडात धरून बसून राहिले.

गेल्या रविवारी उमेळ्याच्या मिठागराकडचा एक माणूस सायकलवरून माझ्याकडं आला. पन्नाशीचा, अंगावर मिठाचे पांढरे डाग. "टीचर, ती खाट पायजे व्हती. आयसाटी. तिला बसवत नाय, निजवत नाय." मी विचारलं, आईला ठाऊक आहे? तो घाईनं म्हणाला, "नाय नाय. तिला कायपन सांगू नका. सरकारी दवाखान्यातून आली म्हनून सांगू." मी म्हणाले, विचारल्याशिवाय ही खाट जात नाही. तो भडकला. माझी आय, तुमी कोन विचारनार? त्याचं काही चुकलं नाही. पण मी पायात चपला घातल्या आणि त्याच्यामागून निघाले. आयुष्यात मी तो प्रश्न स्वतः कधी विचारलेला नव्हता, नेहमी फ्लोरीच विचारायची, मी मागं पिशवी धरून उभी असायची.

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांवर उशी, उशीवर डोकं. मी समोर बसले. म्हणाले, "आजी, मी फ्लोरीबायची मैत्रीण. खाट आणू का?"

तिनं डोकं वर केलं. मला वाटलं आता ही हंबरडा फोडेल, मुलगा मला हाकलून देईल. तसलं काही झालं नाही. तिनं माझं मनगट धरलं, घट्ट. "कवाची वाट बघते, कोनी तरी विचारील म्हनून," ती म्हणाली. "सगळी येतात, बरी होशील म्हनतात नि चाय पिऊन जातात. या घरात मी एकटीच मरते, दुसऱ्या कोनाला ठाऊकच नाय. आन बाय. आजच आन." मुलगा दारात उभा होता. तो तिथंच खाली बसला आणि आईच्या पावलांवर हात ठेवून रडायला लागला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मी तिथं थांबले नाही, माझ्यानं थांबवेना.

घरी येऊन मी गोणपाटं काढली, खाट भिंतीपासून ओढून पडवीच्या मध्यावर मांडली, फिनेलनं पुसली. पास्कूला निरोप गेला होता, गाडी यायला अवकाश होता. दांडा उचलून मी उशाकडचा भाग वर घेतला... कड्, कड्, कड्, कड्. चौथ्या दात्यावर तो घट्ट बसला. फ्लोरीला हाच लागला असता. मी खाटेच्या कडेला बसले, रोगी टेकला असता तिथं तोंड करून, जशी ती बसायची तशी. माझी लाज मला वाटत होती, पण घरात दुसरं कुणी नव्हतं. "माझ्याकडं आहे, फ्लोरी," मी म्हणाले. "इथंच आहे. पडवीत. आणू का?"

बाहेर गाडी थांबली आणि पास्कू दोर मागत होता.